सुकलेला वायसर

हॅलो?… हो, कर्जतच. भातगिरणी… कुठून? खोपोलीहून ट्रंक कॉल?… कोण हवंय, जानकी? मीच जानकी. द्या, जोडून द्या…

हॅलो… हॅलो?… काही ऐकू येत नाही, थांबा हं… धोंडीमामा! अहो, पट्टा उतरवा जरा! फोन हाय, फोन!… घेऊ द्या की गिरणीला दम, भात कुठं पळून चाललंय?…

हां, बोला. कोण?… गोदू! अगं तू? कुठून बोलतेस?… पोस्टातून. किती लांबून येतोय आवाज… हो, गिरणीतच आहे. कॉलेजातून आले की इथंच असते मी, पोती मोजायला. बरं, ते सोड. काय झालं?…

चढत नाही? काय चढत नाही?… पाणी? माझ्या पंपात?

असं कसं होईल गं? काल तुझ्या डोळ्यांसमोर चाललाय तो. माझा बी.एड.चा पाठ बघायला मागच्या बाकावर बसली होतीस ना तू?… मग! पाठ संपल्यासंपल्या तुझ्या हातात दिला, रद्दीत गुंडाळून. शाळेच्या हेडबाई, दाबके बाई म्हणाल्या, ‘जानकी, परवा गोदूचा अंतिम पाठ आहे, तिलाही दे.’ दिला. आता पाणी चढत नाही म्हणतेस.

दट्ट्या ओढलास की काय होतं? नीट सांग, घाई करू नकोस… नुसती फुसफुस. बरं. आणि खालची गोटी?… उडते आणि बसते. म्हणजे गोटी बरोबर आहे… नळीचं तोंड पाण्यात आहे ना?… बूच गच्च?… हं.

हं म्हणजे काही नाही. विचार करतेय.

एक मिनिट हं गोदू, मामा काहीतरी विचारताहेत… काय मामा? हळू बोला, फोनवर हात धरलाय मी… नाय हो, मोडलाबिडला काय नाय. दट्ट्याचा चामड्याचा वायसर सुकलाय. सुकला की आक्रसतो, कडेनं हवा शिरते, मग पाणी कशाला चढतंय? मी आदल्या रात्री पाण्यात घालून ठेवला होता… सांगू? तिला? कशाला सांगू? शाळेत जागा एकच हाय मामा, एकच! तुमी त्या पट्ट्याकडं बघा.

हां गोदू. नाही गं, तसं काही सुचत नाही. तू असं कर, सगळं सुटं कर आणि पुसून काढ. फडक्यानं… हो, कोरड्याच.

आणि नाहीच चालला तर तक्ता लाव. तुला काय, तुझा पाठ तसाही रंगतो… टोमणा नाही, खरं तेच सांगते. काल माझ्या पाठाला पाणी कसं भळाभळा आलं! लाल शाई घातलेलं, शेवटच्या बाकावरून दिसेल असं. पण एक तरी पोर हललं? एकानं तरी काही विचारलं?… परीक्षक काय म्हणाले, ऐकलंस ना? ‘व्यवस्थित.’ बस. आमच्याकडे तांदूळ घ्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा जास्त बोलतं… हसू नकोस.

आणि मी सामान आवरतेय, तर वर्गातली ती भागी येऊन काय विचारते? ‘बाई, परवा गोदूताई येणार ना?’ मी बाई आणि तू ताई!… अगं ऐक ना. त्याच वर्गावर मीही वर्षभर सराव पाठ घेतलेत. कारखान्याचा भोंगा वाजला की खडू मोडायचा माझ्या हातात, तरी घेतलेत. सगळ्यांची नावं पाठ केली, बाकावार. आणि तू राहतेस तिथंच वस्तीत, मावशीकडे, विहाराला लागून. पाण्याच्या रांगेत ओळख, दुकानात ओळख. हजेरी घ्यायच्या आधीच निम्मा वर्ग तुझा… हो, तो काय तुझा गुन्हा नाही. मी कुठं म्हणते गुन्हा आहे?

नाही, चिडलेली नाही.

दाबके बाई काय म्हणाल्या, तू होतीस ना? ‘प्रमाणपत्र दोघींना मिळेल, पण वस्तीतल्या या शाळेला दिवाळी झाली की बदली न मागणारी बाई हवी. अंतिम पाठात दिसेल, कोण ती.’ आणि बघत होत्या कुणाकडे? तुझ्याकडे… माझ्याकडे? शक्यच नाही… हां, ‘बदली’ म्हणताना बघितलं असेल माझ्याकडे.

मी नाही मागणार बदली. मला ही जागा हवी आहे गं. नाही मिळाली तर बाबा इथंच बसवतील, गल्ल्यावर. बी.एस्सी. होऊन कोंडा विकू?… तुलाही हवी आहे. माहीत आहे मला. तू तर पहिलीपासून त्याच शाळेत शिकलीस. सांगितलंयस. चार वेळा सांगितलंयस.

हो ऑपरेटर, चालू आहे, चालू आहे… गोदू, वाढवा म्हण त्यांना… हां. बोल.

काय? नाही चालला तरी चालेल? म्हणजे काय?… बिघडलेलाच नेणार वर्गात? परीक्षकांसमोर? वेडी आहेस का तू!… आणि विचारणार? कोणाला? पोरांना?… ‘हा पंप पाणी ओढत नाही, का ते सांगा.’… आणि नाही आलं सांगता, तर?… खोलून बघणार. सगळ्यांनी मिळून… बाकं सोडून? टेबलाभोवती?

अगं बाजार होईल वर्गाचा… हो… हो, कळलं… भागीला येईल? तिला कसं येईल?… वस्तीतला हातपंप रोज सकाळी असाच फुसफुसतो?… वरून तांब्याभर पाणी ओततात. भागीच ओतते… आणि मग येतं… हो, बरोबर आहे… नाही, म्हणजे मला काय माहीत! मी आपलं म्हटलं, बरोबर असेल.

थांब. जरा बोलू नकोस.

म्हणजे भागी उठून येणार. तांब्या ओतणार. दट्ट्या ओढणार, आणि तिच्या हातानं पाणी येणार. पोरं ओरडणार. आणि परीक्षक… खुर्ची सोडून पुढे येणार. ‘व्यवस्थित’ नाही म्हणणार ते.

गोदू, ऐक. वायसर सुकलाय!… वायसर गं, दट्ट्याचा, चामड्याचा!… आत्ता आठवलं. आत्ताच, म्हणते ना! स्क्रू काढ, वायसर वाटीत पाण्यात बुडव, रात्रभर राहू दे. सकाळी बसव. ओढलास की पाणी. पोरांना काही विचारायला नको, कुणाला उठवायला नको. तुझा पाठ कसा अगदी… व्यवस्थित होईल.

नको गं. चांगलीबिंगली काही म्हणू नकोस मला… खरंच नको. आणि रडतेस काय पोस्टात उभी राहून? लोक बघतील. भिजव म्हणजे झालं. घरी गेल्या गेल्या. भिजवशील ना?…

काय? दोन? दोन कशाला?… मावसभावाच्या सायकलपंपात तसलाच आहे, बरं. मीही सायकलपंपाचाच लावलाय. पण दुसरा हवाय कशाला तुला?… एक भिजलेला. एक सुका… आधी सुका लावणार… पोरांना विचारणार… भागीला तांब्या ओतू देणार… आणि मग भिजलेला लावणार. बाकी सगळं तेच ठेवून. नळी तीच, गोटी तीच, पाणी तेच…

हो. हो गोदू. एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या नाही बदलायच्या. प्रयोग म्हणतात त्याला. तीन वर्षं आपण दोघींनी तेच केलं प्रयोगशाळेत. वायसर मी भिजवला, पंप मी केला, आणि हे मला नाही सुचलं. मी नुसतं पाणी काढून दाखवलं.

नाही, ऐकतेय… छान आहे… छान आहे म्हटलं ना!… आवाज असाच आहे माझा. लाइन खराब आहे.

उद्या? येणार ना. यावंच लागतं, निरीक्षण लिहायचं असतं… मागच्याच बाकावर बसेन, तुझी नजर जाणार नाही अशी… लिहीन. दिसेल ते लिहीन, त्यात खोटं नाही लिहायची मी… आणि गोदू, एक कर ना. परीक्षक पंप बघायला पुढे आले ना, की त्यांना सांग, हा पंप कुणी… हॅलो?… कुणी केला ते तेवढं… गोदू? हॅलो?… ऑपरेटर? अहो, बोलणं चाललं होतं आमचं!… हॅलो?

गेली लाइन.

काय बघताय मामा?… हो, सांगितलं तिला. तुमच्या मनासारखं झालं ना?… नाय हो, चांगुलपणा नाय त्यो. तुमी पट्टा लावा.