बोटीला लोकर

रत्नागिरी स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारी बोटमालक अयूब आणि पुण्यात पीएचडी करणारी त्यांची भाची अलफिया. ओळख त्यांच्या आवाजानेच अख्ख्या बाकाला करून दिली होती.

"मामू, तुम्ही बोटीच्या बुडाला लोकरीचे धागे चिकटवू दिलेत, म्हणून माझा प्रयोग झाला."

"सगळी जेटी हसली. अयूबची बोट थंडीने कुडकुडते म्हणाले."

"हादरत तर होतीच."

"म्हणून तर सखाराम तांडेल सोडून चालला होता. सुकाणू धरून हात बधिर व्हायचे त्याचे."

"पाण्याखालच्या कॅमेऱ्यात बघितलंत ना, मागचे धागे उलटे वळत होते? तिथे पाणी बोटीचं अंग सोडत होतं आणि पंख्यावर आदळत होतं, म्हणून ती हादरायची."

"मग तू गुळगुळीत बोटीला फायबरची पाती डकवलीस."

"त्यांच्यामुळे कडेचं पाणी घुसळलं जातं. घुसळलेलं पाणी जास्त चिकटून राहतं, मामू. शांत पाणी लवकर सुटतं."

"हे तुझ्या नानीला सांगू नको. जन्मभर मला शांत बस म्हणत आली."

"सखारामकाका राहिले ना पण?"

"काल विचारलं, जातोस ना रे दुसऱ्या बोटीवर? म्हणाला, आता कशाला. हा डबा धर. त्याच्या बायकोने, जनीने तुझ्यासाठी बांगडे तळलेत."

"एवढे?"

"घे गप. इतके दिवस त्याच्या ताटातल्या माशाचे काटे तीच काढून द्यायची. आता तो स्वतः काढतो."