जायच्या आधीचं भांडण

माझं माहेर लोह्याकडचं, पण माहेर म्हंजी मामाचं घर, कारण बाप मेला अन् मी सहा वर्साची असतानी आईचं म्होतूर लागलं. आमच्यात बाईचं दुसरं लगीन लागलं की पहिलं लेकरू आजोळी ऱ्हातं, तशी रीतच हाय. आई म्हणली, बाजारात जाऊन येते, बांगड्या आणते. आली न्हाई. कुणी काय सांगितलं न्हाई, मी बी इचारलं न्हाई.

मग नांदेडात दिली, वीस वर्सं झाली खानावळीत भाकरी थापून राहिले. काय सांगू तुम्हाला, माझी जीभ लई वाईट. नवरा गावाला निघाला की पिशवी भरली म्हणून भांडणार, न्हाई भरली म्हणून भांडणार, अन् मग अबोला. माझी लेक सुमन, तिनं लातूरला नर्सिंग शिकायचं काढलं तवापासून मी तिच्याशी धड बोललेच न्हाई. त्यात छातीत धडधड. दवाखान्यात मशीनवर छातीची पट्टी काढली, साफ निघाली, डॉक्टरनी मनाच्या म्याडमकडं धाडलं. म्हणलं, मी काय येडी हाय का?

म्याडम गोळी देईना, सल्ला देईना, नुसती ऐकायची. दर मंगळवारी जायचे अन् घरचं रडगाणं गायचे. म्हणलं, नुसतं ऐकाया माझी शेजारीण काय वाईट हाय? पण जात राहिले. एक दिवस म्हणली, पुढचे दोन मंगळवार मी सुटीवर आहे. मला असा राग आला, म्हणलं, नगा येऊ, मला बी गरज न्हाई, अन् चप्पल घालून निघाले. महिनाभर गेलेच न्हाई. गेले तवा वाटलं, आता रागवंल. ती म्हणली, मी सांगून गेले तरी तुम्हाला एवढं लागलं, न सांगता कोण गेलं होतं हो? मी बांगड्यांचं सांगितलं अन् तोंडात पदर घालून रडले. मग हळूहळू माझं मलाच उमगलं, कुणी जायच्या आधी मीच त्याला तोडून टाकते, म्हंजी सोडून गेलं म्हणाया नको.

सुमन निघाली त्या दिवशी बी भांडलेच, लोणच्याच्या बरणीवरून. सवय हाय, एकदम कशी जाईल? पण स्टँडवर बस लागली तवा म्हणलं, बाई, तू जाऊन राहिलीस त्याचं मला भ्या वाटतं. लेक म्हणली, आई, मला वाटायचं मी तुला नकोच हाय.

आता ऐतवारी तिचा फोन येतो. खरं सांगू, भांडायचे तवा सोपं होतं, राग तरी असायचा. आता नुसती आठवण येते, जीव थकून जातो. येऊ द्या. लेक माझी सुखात ऱ्हावो, अन् ती मला नको न्हवती, पायजेच हाय, येवढं तिला कळलं, बास.