दार लावून बसणारी बाई

नुसती बसते हो! एक पेशंट गेला की दार लावून घेते, आणि पुढच्याला बोलवायच्या आधी नुसती बसते. विचार करते म्हणे, आत्ता आपण काय केलं, कुठं चुकलं... आणि आम्ही बाहेर बाकावर. तुम्हाला सांगतो, चाकणला कंपनीत प्रेस मशीनवर उमर काढली मी. मशीन सोडून विचार करत बसलो असतो, तर सुपरवायझरनं गेटबाहेर काढलं असतं.

सुखदा नाव तिचं. निगडीला दवाखाना. आखडलेले सांधे व्यायाम देऊन सोडवते. माझा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. आणि भैरवनाथाच्या उत्सवाला फेटा तर मी दरवर्षी माझ्या हातानं बांधतो. दुसऱ्यानं बांधून दिलेला फेटा घालून देवापुढं उभा राहू? जमायचं नाही.

तर तिनं व्यायाम दिला, सकाळ-संध्याकाळ, थोडाच. थोडाच? कंपनीत माल लवकर काढायचा तर काय करतात? ओव्हरटाइम! मी दुपारीही केला, झोपतानाही केला. आमची मंजुळाबाई म्हणते, "अवो, दुखतंय तर थांबा की." मी थांबतोय? आठवड्यात खांदा असा सुजला, की हात कमरेवरून हलेना.

गेलो दोघं. म्हटलं, आता ही झापणार. तर ही काय करते... नुसती बसते! माझ्यासमोर! मग म्हणाली, "आजोबा, चुकलं माझं. दुखलं की थांबा, हे मी सांगितलंच नाही. तुम्ही दुखतंय म्हणणारे नाही, हे मी ओळखायला हवं होतं."

ओव्हरटाइम मी केला, आणि चूक हिनं अंगावर घ्यायची? असं कसं चालेल? भांडलो मी. म्हटलं, पोरी, चूक माझी आहे, तुला देणार नाही. मंजुळाबाई माझ्या तोंडाकडं बघतच राहिली. संसारात हे वाक्य तिनं ऐकलेलं नव्हतं.

पुन्हा बसली जरा वेळ. मग विचारलं, "हात वर नेऊन तुम्हाला करायचंय काय?" सांगितलं. म्हणाली, "सूज उतरली की फेटाच घेऊन या. तोच व्यायाम."

आता हात कानापर्यंत जातो. उत्सवाला बांधणार म्हणजे बांधणार.

परवा बाकावर नंबर लावून बसलेले सोपानराव कुरकुरले, "आत काय करते राव ही एवढा वेळ?"

म्हटलं, "नुसती बसते. आत्ताच मी बाहेर आलोय. वेळ लागणार."