लांडग्याची भीती मीच घातली

माझं माहेर उदगीरकडं, लगीन होऊन इकडं कर्नाटकात, औराद तालुक्यात आले, ठाणाकुशनूरच्या पल्याड आमचं गाव. घरात मराठी, अंगणवाडीत कन्नड, बाजारात दोन्ही. बावीस वर्षं झाली, अंगणवाडी चालवायले.

आमच्या अंगणवाडीला कुंपण न्हाई बघा, दार उघडलं की सरळ गायरान. जेवण झालं की लेकरं निजवायची, एक उठलं की चार उठतात अन् पळत सुटतात माळावर, कुठं कुठं धरू? मग मी म्हणायची पडा गप, बाहीर लांडगा बसलाय, उठलेल्याला नेतो. निपचित पडायची. मला काय त्याचं वाईट वाटायचं न्हाई, माझ्या सासूनं बी माझी लेकरं अशीच निजवली. माझ्या हाताखालनं गेलेली समदी लेकरं ह्याच थापेवर निजली, काय सांगू तुम्हाला.

दोन वर्षामागं ओघळीच्या काठाला लांडगीण व्याली. मल्लू धनगराला बीळ दिसलं. मल्लू म्हंजे माझ्याच अंगणवाडीतला, आता त्याची पोरगी शिवलीला माझ्याकडं येती. दुपारच्याला तो अन् आणखी चौघं कुदळी घेऊन दारावरनं चालले. म्या विचारलं कुठं रे निघालाव, तर म्हणला अक्का, बीळ बुजवायला, आत पिल्लं हायत. मी म्हणलं कामून रे, कोकरू नेलं व्हय? कोकराचं काय घेऊन बसलाव, म्हणला, ते तर दरसाल एखादं जातंच, पण शिवलीला हितं निजती, अन् लांडगा लेकरं नेतो हे तुमीच सांगितलं न्हवं का आमाला?

तवाच म्हणायला पायजे होतं, मल्लू, खोटं होतं रे ते, तुमाला निजवायसाठी होतं. पण चार माणसांत लाज वाटली, तोंड उघडलं न्हाई. ते गेले, बिळात दगड लोटले, वरनं माती ओढली. सांजच्याला लांडगीण येऊन माती उकरायली होती म्हणं. मी बघायला गेले न्हाई.

मागनं जंगल खात्याचा माणूस आला, म्हणला लांडगे आता लई थोडे उरलेत, कुणी बुजवलं सांगा. कुणीच बोललं न्हाई. मी बी न्हाई.

आता लेकरांना मी लांडगा शिकवायले. तक्त्यावर सिंह हाय, हत्ती हाय, आमच्या माळावरला लांडगा तेवढा न्हाई, म्हणून कोळशानं भिंतीवर काढला, तर कुत्राच झाला. शिवलीला म्हणती अक्का, ह्याचं शेपूट वर कामून? धनगराची लेक, तिला कळतंय. पुसून परत खाली काढलं. सांगते, ह्याला कन्नडात तोळ म्हणायचं, आई-बाप दोघं पोटातनं घास आणतात अन् पिल्लांपुढं काढतात. जवळ जायचं न्हाई, पण दगड बी मारायचा न्हाई. निजायला आता येळ लागतोय, लागू दे, मी दारात बसते.

गेल्या म्हयन्यात मल्लू पोरीला न्यायला आला, भिंतीकडं बघत हुबा राहिला. तवा सांगून टाकलं, ती थाप होती म्हणून. त्यानं पोरीला कडेवर घेतलं. मग म्हणला, अक्का, त्या दिवशीच म्हणायचं की. पाच पिल्लं होती आत. डोळे बी उघडले न्हवते.

लांडगीण काय परत दिसली न्हाई. जिथं गेली असंल तिथं तिची लेकरं जगू दे, बाबा.