हबक्कूक पणजोबांचं तर्पण

तुमच्यापैकी कुणी आपल्या पणजोबांना कबरस्तानात शोधलंय? मी शोधलंय, भर दुपारी, गळ्यात जानवं घालून.

झालं असं, की बाबा गेल्यावर पितृपक्षातलं तर्पण माझ्याकडे आलं. त्यात तीन पिढ्यांची नावं घ्यावी लागतात, आणि पणजोबांचं नावच मला माहीत नव्हतं. बाबांना कधीही विचारलं, तर एकच उत्तर, “तो विषय नको.” म्हणून माधव नगरला आत्याकडे गेलो. तिने आधी दार लावून घेतलं. “ते बाटले होते रे. ख्रिश्चन झाले, आणि बायबलमधलं नाव घेतलं, हबक्कूक. दादा असता तर मला बोलू दिलं नसतं.”

झालं, मला चैन पडेना. कबरस्तानात जाऊन दगड न् दगड वाचला. चौकीदार वैतागला, “भैया, जॉन मिलेंगे, डेविड मिलेंगे, ये वाले नहीं हैं।”

शेवटी तसाच नदीकाठी सिद्धवटाच्या घाटावर तर्पणाला जाऊन बसलो. आमचे गुरुजी भलते कर्मठ. हाकलतीलच, अशी धाकधूक. पणजोबांचं नाव विचारल्यावर मी कसाबसा पुटपुटलो, “हबक्कूक.”

गुरुजींनी मानही वर केली नाही. “हबक्कूकशर्माणं तर्पयामि. सोडा पाणी.”

मला राहवेना. “गुरुजी, तुम्हाला खटकलं नाही?”

“पहिल्या वर्षी खटकलं होतं,” ते म्हणाले. “पण तुमचे वडील दरवर्षी इथे बसून हेच नाव घ्यायचे. आता जिभेला सवय झालीय.”