तो शब्द काढायचा नाही

...अहो, अभ्यासाला कोण भितंय, मला घाम फुटला तो शाखा निवडताना! तुम्हाला सांगते, इमर्जन्सीत नर्सगिरी करता करता केस पिकले, आता नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं, स्वतः पेशंट तपासायचे, स्वतः औषध लिहायचं, हे ठरलेलं. पण शाखा कुठली? कुटुंबाची घेतली तर तान्ह्यापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे माझे, पण शिकवणार काय, तर दवाखान्यातला खोकला नि रक्तदाब. गंभीर आजारांची घेतली तर मरणाच्या दारातला माणूस ओढून आणायला शिकवणार, पण माणूस मोठाच हवा, पोराला हात लावायचा नाही. आणि आमच्या दारातून येणारं काय वय विचारून येतं? संध्याकाळपर्यंत कॉलेजला कळवायचं होतं हो...

आमचे हे, वेंडेल, बर्फाचं फावडं टेकून म्हणाले, "कुटुंबाची घे. जेवायला तरी घरी असशील." हेड नर्स लोरेटा म्हणाली, "कुटुंबाची? मग शिंका मोजत बस. आयसीयूत उभंसुद्धा करणार नाहीत तुला." डॉक्टर हॅल्वर्सन म्हणाले, "काहीही घे, फक्त माझ्या ड्यूटीला येत जा."

डोकं भणभणलं. ड्यूटीवर कॉफी घेऊन बसले. खाटा रिकाम्या, फोन गप्प, आणि माझ्या तोंडून गेलं, "बरं झालं बाई, आज अगदी शांत आहे."

आमच्या इमर्जन्सीत एक वेळ शिवी चालते, पण 'शांत' हा शब्द काढायचा नाही; काढला की पेशंटांची रांग लागलीच म्हणून समजा. लोरेटाच्या हातातलं सँडविच तसंच राहिलं.

"काय म्हणालीस?"

"कुठे काय?"

"म्हणालीस. अरे ऐका, ही तो शब्द म्हणाली."

आणि दार उघडलंच! बर्फावर घसरलेली गाडी, त्यातले आजोबा नि त्यांची नात. आजोबांचे ओठ निळे, छातीची एक बाजू हलेना. माझे पाय मला न विचारता तिकडे पळाले. "डॉक्टर, छातीत हवा अडकलीय," म्हणता म्हणता सुई डॉक्टरांच्या हातात दिली, त्यांनी ती छातीत टोचली, हवा सुस्स करून सुटली आणि ओठ गुलाबी... काय सांगू तुम्हाला, अंगावर काटा! म्हटलं, ठरलं, गंभीर आजारांची.

तेवढ्यात बाही ओढली कुणी. मोडका हात पोटाशी धरून नात म्हणते, "आजोबा झाले ना? आता माझा नंबर. मला पण तूच बघ."

आता हिला काय सांगू, बाळ, तू माझ्या शाखेत बसत नाहीस?

कॉलेजला कळवून टाकलं, दोन्ही. आधी कुटुंबाची, ती झाली की दुसरी.

"छान," लोरेटा म्हणाली, "पदवी नि पेन्शन एकाच पाकिटात येईल."

घरी वेंडेलना सांगितलं. त्यांनी सूप वाढायला घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे तू सदा पुस्तकात. चला, घर तरी शांत..."

"अहो, तो शब्द—"

फोन वाजला. लोरेटाच. दुसरं कोण असणार... घातला परत कोट.