एकट्याला झेपणारी

डोळ्यांत थेंब घालून शिंपीबुवा दवाखान्यातल्या बाकावर डोळे मिटून बसले होते. शेजारचं म्हातारं जोडपं शिडाच्या दोन जुन्या बोटींच्या फोटोंवरून बोलत होतं.

“छोटीच घेऊ. एकट्याला झेपते.”

“अहो, तिच्यात चहासुद्धा वाकून करायचा. मोठीच्या छताला काच आहे. पडल्या पडल्या चांदणं.”

“मोठीचं शीड चढवायला दोन माणसं लागतात गं.”

“मग आपण किती आहोत?”

“आज दोन.”

“आणि एकटं कोण राहणार, तेही ठरवलंय का तुम्ही?”

बुवांना आतलं दार उघडल्याचं ऐकू आलं.

“आजी, चला आत. एकट्याच या,” नर्स म्हणाली.

आजोबांची काठी वाजली.

“नाही जमायचं, बाई. आमची मोठी बोट आहे.”